हवाई माल: दारापासून दारापर्यंत

देशोदेशी फिरणाऱ्या सगळ्या मालाचं वजन केलं, तर त्यातला जेमतेम एक टक्का विमानानं जातो. बाकीचा जहाजानं, रेल्वेनं, ट्रकनं. पण त्याच मालाची किंमत मोजली, तर विमानाचा वाटा एक तृतीयांशाच्या वर भरतो. हिरे, औषधं, मोबाइल, यंत्रांचे सुटे भाग, हापूस, गुलाब अशा मालाला विमानाचं महाग भाडं परवडतं, कारण त्याला थांबायला वेळ नसतो. एक सुटा भाग अडला की कारखान्याची अख्खी लाइन बंद पडते. आंबा चार दिवसांत पिकतो. लस तापली की फेकून द्यावी लागते.

म्हणून एअर कार्गो कंपनीचं काम समजून घेताना आधी घड्याळ डोळ्यांसमोर ठेवावं. ही कंपनी गिऱ्हाइकाला एक शब्द देते: तुमचा माल अमुक दिवशी, अमुक विमानानं, आहे त्या अवस्थेत पोचेल. मुंबई ते न्यूयॉर्क हे उड्डाण पंधरा-सोळा तासांचं आहे, पण माल एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोचेपर्यंत तीन-चार दिवस सहज जातात. हा उरलेला सगळा वेळ जमिनीवरचा. गोदामात, वजनकाट्यावर, कस्टमपाशी आणि पॅलेटची जाळी आवळणाऱ्या लोडरच्या हाताखाली तो जातो. दिलेला शब्द पाळला जातो किंवा मोडतो तोही इथंच.

माल बसतो कुठे

आपण ज्या विमानानं दुबईला किंवा लंडनला जातो, त्याच विमानात आपल्या पायांखाली माल असतो. त्या जागेला धंद्यात ‘बेली’ म्हणतात. बोइंग ७७७ सारखं मोठं प्रवासी विमान सामानाच्या बॅगा सांभाळूनही वीसेक टनांपर्यंत माल नेऊ शकतं. मुंबई-नागपूर उडणाऱ्या लहान विमानात मात्र दोन-तीन टनांवर भागवावं लागतं. जगातला साधारण निम्मा हवाई माल असा प्रवाशांसोबतच जातो. हे किती मोठं प्रमाण आहे ते २०२० मध्ये कळलं. कोविडमुळे प्रवासी विमानं जमिनीवर बसली, बेलीची जागा एका झटक्यात नाहीशी झाली आणि मालाची भाडी कित्येक पटींनी चढली. तेव्हा आपल्याकडेही विमान कंपन्यांनी प्रवासी खुर्च्यांवर खोके बांधून माल नेला.

उरलेला माल ‘फ्रेटर’मधून, म्हणजे फक्त मालासाठीच असलेल्या विमानांतून जातो. यांना खिडक्या नसतात, आत खुर्च्या नसतात, जमिनीवर रुळांसारख्या पट्ट्या आणि चाकं असतात. ७७७ चं फ्रेटर शंभर टनांच्या आसपास माल उचलतं, ७४७-८ त्याहून बरंच जास्त. ७४७ च्या डोक्यावरचा तो प्रसिद्ध उंचवटा मालासाठीच आला. वैमानिकांची केबिन वर नेली म्हणजे नाक उघडून समोरून लांबलचक माल आत ढकलता येतो, हा त्यामागचा विचार होता. पुढे सगळे प्रवासी स्वनातीत विमानांनी जातील आणि हे विमान मालाच्याच कामी येईल, असा त्या काळातला अंदाज होता. शेवटचं ७४७ बोइंगनं गिऱ्हाइकाच्या हवाली केलं ते जानेवारी २०२३ मध्ये, आणि तेही मालवाहूच होतं.

चार तऱ्हेच्या कंपन्या

एअर इंडिया, एमिरेट्स, लुफ्तान्सा यांसारख्या कंपन्यांचा मुख्य धंदा प्रवाशांचा; त्यांचा कार्गो विभाग बेलीची जागा विकतो, काहींकडे वेगळे फ्रेटरही असतात. दुसरी तऱ्हा निव्वळ मालवाहू कंपन्यांची. लक्झेंबर्गची कार्गोलक्स १९७० पासून फक्त माल नेते. तिसऱ्या तऱ्हेच्या कंपन्या दारापासून दारापर्यंत सगळं स्वतःच करतात. गाडी त्यांची, गोदाम त्यांचं, विमान त्यांचं, दारात येऊन सही घेणारा मुलगाही त्यांचाच. फेडेक्स, यूपीएस, डीएचएल आणि आपली ब्लू डार्ट या गटात येतात. चौथ्या प्रकारच्या कंपन्या वैमानिकांसकट विमान भाड्यानं देतात. विमान अॅटलस एअरचं आणि त्यातला माल भलत्याच कंपनीचा, असं अनेकदा असतं.

गिऱ्हाइकाला हा फरक माहीत असायला हवा. तिसऱ्या गटातली कंपनी सोडली, तर बाकीच्यांची जबाबदारी साधारण विमानतळ ते विमानतळ एवढीच असते. घर ते विमानतळ आणि पुढचं विमानतळ ते घर हे दुसरंच कुणीतरी बघतं.

मधला माणूस

तो दुसरा म्हणजे फ्रेट फॉरवर्डर. सांगलीचा द्राक्ष-बेदाण्याचा व्यापारी किंवा भोसरीचा कारखानदार सहसा विमान कंपनीला थेट फोन करत नाही. तो फॉरवर्डरला करतो. विमान कंपनीचं खरं गिऱ्हाईक त्यामुळे फॉरवर्डर असतो. तो हंगामाच्या आधीच ठरावीक विमानांत ठरावीक जागा बांधून घेतो, दहा-वीस जणांचा माल एकत्र करतो आणि एक मोठी खेप म्हणून विमान कंपनीच्या हवाली करतो. विमान कंपनी त्याला एकच ‘मास्टर’ बिल देते, तो पुढे प्रत्येक व्यापाऱ्याला आपलं ‘हाऊस’ बिल देतो. कस्टमचं काम सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट बघतो. पुष्कळदा फॉरवर्डर आणि सीएचए एकाच कार्यालयात बसतात.

या मधल्या माणसाला लोक दलाल म्हणून नावं ठेवतात. मला ते पटत नाही. त्याचा नफा कुठून येतो ते पाहायचं, तर आधी वजनाचा हिशेब समजला पाहिजे.

वजन दोनदा होतं

विमानाला दोन मर्यादा असतात: किती वजन उचलणार आणि किती जागा आहे. म्हणून प्रत्येक खोक्याचं एकदा काट्यावर खरं वजन होतं आणि एकदा आकारावरून. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० नं भागायचं. आलेला आकडा किलोमध्ये. कुरिअरवाले बहुधा ५००० नं भागतात. दोन्हींत जे जास्त, त्यावर भाडं.

अमेरिकेतल्या लेकीला दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या आईबाबांना हा हिशेब काउंटरवर कळतो. ४० बाय ३० बाय ३० चा खोका घेतला. गुणाकार ३६,०००, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. त्यात पोह्यांचा चिवडा आणि चकल्या भरल्या, तर काट्यावर पाचेक किलोच भरतील, पण पैसे ७.२ किलोचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी वर धरून साडेसात किलोचे पडतील. तोच खोका बेसनाच्या लाडवांनी भरला, तर खरं वजनच पंधरा किलोच्या वर जाईल आणि ते धरलं जाईल. चिवड्यासोबत थोडे लाडू भरले, तर तेवढ्याच भाड्यात जास्त फराळ जातो.

फॉरवर्डर हेच मोठ्या प्रमाणावर करतो. समजा, त्याच्याकडे एक घनमीटर जागा घेणारे, ६०० किलोचे लोखंडी सुटे भाग आले आणि तीन घनमीटर जागा घेणारे, ३०० किलोचे तयार कपडे आले. कपड्यांचं आकारावरचं वजन ५०० किलो होतं. दोघांनी वेगवेगळा माल दिला असता, तर मिळून ११०० किलोचं भाडं झालं असतं. एकत्र केल्यावर खरं वजन ९००, आकारावरचं ६६७. भाडं ९०० चं. वाचलेल्या २०० किलोंत त्याचा नफा आहे आणि चांगला फॉरवर्डर त्यातला वाटा गिऱ्हाइकालाही देतो. विमानही भरून जातं. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच.

दरही पायऱ्यापायऱ्यांचे असतात: ४५ किलोंच्या आत, मग ४५, १००, ३००, ५०० किलोंच्या पुढे दर उतरत जातो. समजा, ४५ च्या आत किलोला २०० रुपये आणि ४५ पासून पुढे १७०. ४० किलोंचे ८००० होतात, पण ४५ किलो धरले तर ७६५०. अशा वेळी ४५ किलो धरून स्वस्त भाडं लावायचा रिवाज आहे. गिऱ्हाइकानं तो मागून घ्यावा. मूळ दरावर इंधनाचा आणि सुरक्षेचा अधिभार, टर्मिनलचं शुल्क वगैरे चढतं. त्यामुळे कोटेशन घेताना ‘सगळं धरून किती’ असं विचारणं बरं.

अकरा आकडी नंबर

मालाबरोबर जाणारा मुख्य कागद म्हणजे एअर वे बिल. त्यावरचा नंबर अकरा आकड्यांचा असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे: ०९८ म्हणजे एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, ०२० लुफ्तान्सा, १७२ कार्गोलक्स. पुढचे सात आकडे त्या खेपेचे. शेवटचा आकडा तपासणीचा: आधीच्या सात आकड्यांच्या संख्येला ७ नं भागून उरते ती बाकी. ०९८-१२३४५६७५ हा नंबर पाहा. १२३४५६७ ला ७ नं भागलं की ५ उरतात, म्हणून शेवटी ५. टाइप करताना एक आकडा चुकला, तर बहुतेक वेळा ही बाकी जुळत नाही आणि संगणक तिथंच थांबवतो.

जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगसारखा हा मालकीचा कागद नाही. ज्याच्या हाती बिल त्याचा माल, असं इथे होत नाही. बिलावर ज्याचं नाव त्यालाच माल मिळतो. बँकेमार्फत पैसे यायचे असतील, तर मालाचा ताबा घेणारा म्हणून बँकेचंच नाव घालतात. नव्यानं निर्यात करणारे इथे फसतात. पैसे यायच्या आत समोरच्यानं माल सोडवून नेलेला असतो.

ट्रॅकिंगवर दिसणारी तीन अक्षरंही याच नंबरावर चालतात. ‘बीकेडी’ म्हणजे जागा राखली, ‘आरसीएस’ म्हणजे कंपनीनं माल ताब्यात घेतला, ‘डीईपी’ विमान सुटलं, ‘आरसीएफ’ तिकडच्या गोदामात माल उतरून मोजला, ‘एनएफडी’ मालकाला कळवलं, ‘डीएलव्ही’ हातात दिला. यातलं ‘आरसीएस’ सगळ्यात महत्त्वाचं. त्याआधी माल हरवला तर कंपनीचा संबंध नाही, त्यानंतर मात्र आहे.

आंब्याची पेटी वाशीहून सहारला

मे महिन्यात देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागेतून निघालेला, अमेरिकेला जाणारा हापूस आधी वाशीला येतो. तिथं राज्य पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. फळमाशी आणि कोयीतला किडा अमेरिकेत जाऊ नये म्हणून २००७ पासून भारतीय आंब्याला किमान ४०० ग्रे इतक्या मात्रेचं विकिरण सक्तीचं आहे. नाशिकजवळ लासलगावचं, भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र याच कामासाठी पहिल्यांदा वापरलं गेलं. फळं धुतात, गरम पाण्यातून काढतात, निवडतात, कीटक शिरणार नाहीत अशा जाळीच्या खोक्यांत भरतात, मग विकिरण होतं. हे सगळं अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीत. त्याचे कागद, त्यानंतर वनस्पती आरोग्याचा दाखला, आणि मग ट्रक मुंबई विमानतळाकडे, सहारला निघतो.

इथून पुढे विमान कंपनीचा भाग. ट्रक टर्मिनलच्या डॉकला लागतो. खोके मोजले जातात, वजन आणि मापं बिलाशी ताडली जातात. प्रत्येक खोका क्ष-किरण यंत्रातून जातो. नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नियमानुसार तपासल्याचा शिक्का बसल्याशिवाय कुठलाच माल विमानाजवळ जात नाही. सीएचएनं शिपिंग बिल आधीच ऑनलाइन भरलेलं असतं. कस्टमनं निर्यातीची परवानगी, म्हणजे ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ दिली की माल सुटतो. नाशवंत माल या काळात शीतगृहात राहतो. तिथून पॅलेटवर आणि शेवटी विमानाकडे. हा शेवटचा टप्पा सगळ्यात कठीण, कारण मुंबईच्या मे महिन्यातल्या डांबरावर पॅलेट तासभर उभं राहिलं, तर दोन दिवस सांभाळलेली थंडी गेली. चांगली कंपनी नाशवंत पॅलेट सगळ्यात शेवटी बाहेर काढते आणि त्यावर उष्णता परतवणारं आवरण टाकते. कार्गो हँडलरची पारख मी तरी यावरूनच करेन.

कागदाची चूक काय करते, ते मे २०२५ मध्ये दिसलं. मुंबईहून गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. आक्षेप फळांवर नव्हता, विकिरणाच्या कागदपत्रांवर होता. परत आणायचा खर्च मालाच्या किमतीला भारी पडणार होता, त्यामुळे निर्यातदारांनी ती फळं तिथंच नष्ट होऊ दिली. वर्षभर झाडाखाली राबलेल्या माणसाचा माल विमानानं वेळेवर पोचला आणि तरी वाया गेला. विमान कंपनीच्या काउंटरवर कागद घेणाऱ्या माणसाची नजर इतकी तयार असायला हवी ती यासाठी. प्रत्येक देशाची मागणी वेगळी असते: अमेरिकेला विकिरण लागतं, जपानला बाष्प उष्णतेची प्रक्रिया लागते. युरोपीय संघानं तर मे २०१४ मध्ये भारतीय आंबा बंदच केला होता. ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. वाशीचं केंद्र आणि जेएनपीए बंदर त्याच्या जवळ आहे. कोकणातून येणाऱ्या ट्रकला मुंबईची कोंडी टाळता आली, तर आंब्याचे मोलाचे काही तास वाचतील.

पॅलेट बांधणारे हात

मोठ्या विमानात खोके सुटे ठेवत नाहीत. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं पॅलेट असतं, साधारण ३१८ बाय २४४ सेंटिमीटरचं, त्यावर माल रचून वरून जाळी टाकतात. एका पॅलेटवर पावणेसात टनांपर्यंत वजन चालतं. बेलीत जाणारे डबे वेगळे, विमानाच्या पोटाच्या गोलाईप्रमाणे एका बाजूनं छाटलेले. त्यांत दीड टनाच्या आसपास माल बसतो.

रचणं हे खरं कौशल्य आहे. जड खाली, हलकं वर, कोपरे भरलेले, वरचा भाग विमानाच्या कमानीइतकाच निमुळता. एखादा खोका चार बोटं बाहेर आला, तर पॅलेट दारातून जात नाही आणि विमान उभं राहतं. अनुभवी लोडर डोळ्यांनी मापून सांगतात, ‘हे बसणार नाही, फिरवून घ्या.’ त्यांच्या या कामाची दखल फारशी कुणी घेत नाही.

मग कुठलं पॅलेट विमानात कुठे, याचा हिशेब मांडला जातो. पुढे किती, मागे किती, तोल कुठे येतो ते लोडशीटवर उतरतं आणि कॅप्टन ते पाहून सही करतो. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बग्राम इथे नॅशनल एअरलाइन्सचं ७४७ मालवाहू विमान उडताक्षणी कोसळलं. आत पाच अवजड चिलखती लष्करी गाड्या होत्या. त्या पुरेशा पक्क्या बांधलेल्या नव्हत्या. एक सुटली, मागे सरकली, तिनं विमानाची नियंत्रण यंत्रणाच मोडली. सातही जण गेले. पट्टे किती आणि कुठल्या कोनात लावायचे, हे नियम त्यानंतर अधिक कडक झाले.

रात्रीचा धंदा

आज संध्याकाळी पुण्यात दिलेलं पाकीट उद्या सकाळी कोलकात्यात मिळतं, यामागची कल्पना अमेरिकेतल्या मेम्फिसमधली आहे. फ्रेड स्मिथ यांच्या फेडरल एक्स्प्रेसनं १७ एप्रिल १९७३ च्या रात्री चौदा लहान विमानांनी पंचवीस शहरांचं काम सुरू केलं, आणि पहिल्या रात्री १८६ पाकिटं मिळाली. पंचवीस शहरं एकमेकांना थेट जोडायची, तर तीनशे मार्ग होतात. त्याऐवजी सगळी विमानं मध्यरात्री एका मध्यवर्ती गावी आणायची, तिथं माल उतरवून, वाटून पुन्हा भरायचा आणि पहाटेच्या आत परत पाठवायचा. मार्ग पंचवीसच. शेजारच्या गावाला जाणारं पाकीटही मेम्फिसला जाऊन यायचं, आणि तरी वेळेवर पोचायचं.

मुंबईत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ब्लू डार्टनं १९९६ मध्ये स्वतःची मालवाहू विमानं आणली आणि आपल्या मोठ्या शहरांत रात्रीचं असंच जाळं विणलं. दिवसा धावपट्ट्या प्रवासी विमानांच्या ताब्यात असतात. शिवाय दुकानं, कारखाने, बँका संध्याकाळी माल देतात आणि सकाळी मागतात. त्यामुळे रात्र हीच या विमानांची वेळ. भारतातली नियमित विमानसेवाही मुळात टपालासाठीच सुरू झाली: १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलेल्या त्या लहानशा विमानात टपालाच्या थैल्या होत्या.

थंडी सांभाळणं

१२ जानेवारी २०२१ ला पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्ड या कोविडवरच्या लशीचे ट्रक निघाले. दिल्लीला गेलेल्या पहिल्या विमानात ३४ खोके होते, वजन १०८८ किलो. त्या दिवशी नऊ विमानांनी साडेछप्पन्न लाख डोस देशाच्या वेगवेगळ्या शहरांत नेले. लशीला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. त्याच्यावरही चालत नाही आणि गोठूनही चालत नाही.

यासाठी दोन मार्ग आहेत. एक, जाड थर्मोकोल आणि बर्फाच्या लाद्या घातलेले खोके, जे ठरावीक तास थंडी धरतात. दुसरा, बॅटरीवर चालणारे, स्वतःच थंड-गरम होणारे डबे. हे महाग आणि भाड्यानं घ्यावे लागतात. दोन्हींत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवतात. पोचल्यावर त्याचा आलेख काढतात, आणि रेषा मध्येच कुठे वर गेली असेल, तर अख्खी खेप नाकारली जाऊ शकते. औषध कंपन्या विमान कंपनी निवडताना दराच्या आधी हे विचारतात: मधल्या विमानतळावर शीतगृह आहे का, पॅलेट उन्हात किती वेळ असेल, रात्री दोन वाजता बिघाड झाला तर फोन कोण उचलेल.

जिवंत माल आणि घरी परतणारे

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाच्या विंडहुकहून आठ चित्ते खास ७४७ विमानानं ग्वाल्हेरला आले आणि तिथून वायुसेनेच्या हेलिकॉप्टरनं कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात गेले. शर्यतीचे घोडे, प्राणिसंग्रहालयातले प्राणी, घरचे कुत्रे, असे प्राणी रोजच विमानानं जातात. प्राण्याला उभं राहता, वळता आणि बसता आलं पाहिजे एवढा पिंजरा हवा, हा मूळ नियम. विमानाच्या पोटात हवेचा दाब आणि ऊब असते. प्राणी थंडीनं गोठतात ही भीती निराधार आहे. पण ड्राय आइस असलेला माल त्यांच्याजवळ ठेवत नाहीत, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद जागेत साचतो. काय कुठे ठेवलंय, याची चिठ्ठी उड्डाणाआधी कॅप्टनच्या हाती देतात. तिला ‘नोटॉक’ म्हणतात.

परदेशात वारलेल्या माणसाचा देह घरी आणायचा, तर तोही कार्गोतूनच येतो. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांवर हा प्रसंग येतो, आणि त्या घडीला त्यांना काहीच सुचत नसतं. मृत्यूचा दाखला, देह टिकवल्याचं प्रमाणपत्र, पेटी सीलबंद केल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, भारतीय दूतावासाचं ना हरकत पत्र एवढे कागद लागतात. २०२३ पासून आरोग्य मंत्रालयाच्या ‘ई-केअर’ पोर्टलवर इकडची मंजुरी मिळते. विमान भरलं, तरी ही पेटी बहुधा मागे ठेवत नाहीत. काउंटरवरच्या माणसानं अशा वेळी नातेवाइकाला खुर्ची द्यावी, कागद स्वतः लावून द्यावेत, एवढी अपेक्षा धरायचा हक्क त्यांना आहे, आणि हे मनापासून करणारी माणसं या खात्यात आहेत.

खरं सांगणं

धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत. स्फोटकं, वायू, ज्वलनशील द्रव ते थेट लिथियम बॅटऱ्यांपर्यंत. यांतलं बरंच काही योग्य बांधणी केली तर विमानानं जातं, काही फक्त फ्रेटरमधूनच जातं. मोबाइल-लॅपटॉपच्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ ला आग लागली आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या मोठ्या खेपा होत्या. ‘इलेक्ट्रॉनिक सामान’ असं मोघम लिहून बॅटऱ्या दडपणारा व्यापारी काय पेरतो, ते यावरून समजावं. अत्तर, नेलपॉलिश, रंग, पॉवर बँक हे असलेलं पार्सल कंपनीनं नाकारलं, तर तिच्याशी वाद घालू नये.

ऑफलोड

जागा राखली म्हणजे माल गेलाच असं नाही. उलटा वारा जोराचा असेल, तर इंधन जास्त घ्यावं लागतं. उन्हाळ्यात तापलेल्या हवेत विमान कमी वजन उचलतं. प्रवाशांच्या बॅगांचा हक्क मालाच्या आधी असतो. शिवाय राखून ठेवलेल्या जागेवर माल न आणणारे बरेच असतात, म्हणून कंपन्या थोडी जास्त जागा विकतात. सगळेच आले की काही माल मागे राहतो. याला ‘ऑफलोड’ म्हणतात. कुणाचा माल राहणार, याचा क्रम ठरलेला असतो. मृतदेह, प्राणी, औषधं, नाशवंत आणि जास्त पैसे भरलेला एक्स्प्रेस माल आधी चढतो, साधा माल शेवटी.

कंपनीची सेवा तोलायची, तर हाच प्रसंग पाहावा. विमान सुटायच्या आत फॉरवर्डरला फोन आला, पुढचं विमान सांगितलं, शीतगृहात माल परत गेल्याची खात्री दिली, तर ती कंपनी धरून ठेवण्यासारखी. गिऱ्हाइकाला ट्रॅकिंग पाहून स्वतःच शोधावं लागलं, तर पुढच्या हंगामात दुसरी कंपनी बघावी. तळेगाव-मावळातल्या गुलाबाचा मुख्य व्यापार जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होतो. व्हॅलेंटाइन डेनंतर, म्हणजे १४ फेब्रुवारीनंतर पोचलेल्या फुलाला किंमत राहत नाही. अशा मालाला स्वस्त दरापेक्षा हमीची जागा घेतलेली बरी.

फुटलं, हरवलं, उशीर झाला तर

आंतरराष्ट्रीय हवाई मालाची भरपाई १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मिळते. २८ डिसेंबर २०२४ पासून तिची कमाल मर्यादा किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळ हिशेबानं तीन हजार रुपयांच्या आसपास. आंब्याला ती पुरेल. हिऱ्याला, औषधाच्या कच्च्या मालाला किंवा मोबाइलच्या भागांना अजिबात पुरणार नाही. जास्त हवी असेल, तर माल देतानाच बिलावर किंमत जाहीर करून जादा शुल्क भरावं लागतं, नाहीतर स्वतंत्र विमा काढावा. बरेच व्यापारी या दोन्हींपैकी काहीच करत नाहीत आणि विमान कंपनी सगळं भरून देईल या समजुतीत राहतात.

माल घेताना खोका दबलेला, ओला किंवा उघडलेला दिसला, तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहावं आणि फोटो काढावा. नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत, उशिराची माल ताब्यात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते. कोर्टात जायचं असेल, तर दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीत एअर वे बिलाचा अकरा आकडी नंबर, खोक्यांची संख्या, बीजक आणि फोटो जोडावेत. फॉरवर्डरचं हाऊस बिल असेल, तर तक्रार आधी फॉरवर्डरकडे करावी. विमान कंपनीशी पुढचा पत्रव्यवहार तो करतो.